लहान ध्वनिक्षेपक आणि त्याचा खर्जाचा जोडीदार



तानपुऱ्याच्या चार तारांपैकीं शेवटची तार खर्जाची. पुरुष गवयाचा षड्ज ‘काळी एक’ या पट्टींत असला, तर जोडाच्या तारा दर सेकंदास सुमारें १३९ वेळां कंप पावतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारें ६९ वेळां. मैफलींत ही तार कोणी मुद्दाम ऐकत नाहीं. पण ती उतरली किंवा थांबली, कीं सारें गाणें अधांतरीं वाटूं लागतें. घरच्या घरीं लहान ध्वनिक्षेपक, ज्यांना बाजारांत स्पीकर म्हणतात, कसे तयार करावे आणि त्यांना ‘सबवूफर’ नांवाचा खर्जाचा जोडीदार कसा जुळवून द्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्यांतील मुख्य अडचण या एका तारेंत सांठलेली आहे. वीतभर उंचीची पेटी गवयाचा गळा उत्तम ऐकवील, परंतु खर्जाच्या तारेपाशीं येऊन ती थबकेल. ती कां थबकते, तिच्या मदतीला दुसरी पेटी आणल्यानें काय साधतें आणि काय बिघडूंही शकतें, हें आपण क्रमानें पाहूं.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. अगदीं लहानशा रेडिओच्या स्पीकरमधून ६९ कंपनांचा स्वर जवळजवळ निघतच नाहीं. तरीही त्यावर तानपुरा ओळखूं येतो, तो कसा? याचें उत्तर असें कीं, तार केवळ आपला मूळ स्वर देत नाहीं. त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे सहायक स्वरही ती त्याच वेळीं देते. हे वरचे स्वर कानावर पडले, म्हणजे खालचा मूळ स्वर कोणता असावा, याचें अनुमान आपला कान स्वतःच करतो. कानाचा हा गुण मोठा उपकारक आहे. त्यामुळेंच लहानशा यंत्रांतूनही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो. परंतु अनुमान तें अनुमानच. त्यानें स्वराचें नांव कळतें, त्याचें वजन कळत नाहीं.

आतां लहान पेटी थबकते कां, तें पाहूं. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि चुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें व त्याला जोडलेला कागदी शंकु, हें आजच्या स्पीकरचें रूप त्यांतून रूढ झालें. वेटोळें मागेंपुढें होतें, शंकु हवा ढकलतो आणि ध्वनि उत्पन्न होतो. यांत एक कठोर हिशेब आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खालीं काढावयाचा असेल, तर शंकूला चौपट धांव घ्यावी लागते. समजा, २७८ कंपनांच्या स्वराला शंकु ०.२ मिलिमीटर हालला. तेवढ्याच आवाजासाठीं १३९ ला त्याला ०.८ मिलिमीटर हाललें पाहिजे आणि खर्जाच्या ६९ ला ३.२ मिलिमीटर. चार इंची शंकूला एवढी धांव सहसा झेपत नाहीं. तो धडपडतो, आणि त्या धडपडीचा डाग त्याच वेळीं चाललेल्या गळ्याच्या आवाजावरही पडतो.

केएलएच या अमेरिकन कंपनीच्या संस्थापकांपैकीं जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नांवानें एक नियम या धंद्यांत प्रसिद्ध आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तिहींपैकीं कोणत्याही दोनच गोष्टी मिळतील. तिसरी सोडावी लागेल. तेव्हां शहाणपण सोडण्यांत आहे, आणि काय सोडावें हें आधीं ठरविण्यांत आहे. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बीबीसीनें बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडींत ठेवण्यासाठीं एलएस ३/५ए नांवाचा जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा स्पीकर तयार करविला. गाडींत जागा नव्हती. म्हणून त्यांनीं खोल खर्जाचा मोह सोडला आणि मनुष्याचा आवाज खरा उमटेल, याकडे सारें लक्ष दिलें. तो स्पीकर आजही आदरानें ऐकला जातो. घरीं काम करणाऱ्यानें हाच कित्ता गिरवावा: लहान पेटीनें गळा सांभाळावा, खर्ज दुसऱ्यावर सोंपवावा.

पेटीचें माप मात्र अंदाजानें घेऊं नये. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर विलचर यांनीं हवाबंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून दाखविला. पुढें १९६१ मध्यें ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं, व १९७० नंतरच्या दशकांत रिचर्ड स्मॉल यांनीं, लांकूड कापण्यापूर्वींच पेटीचा परिणाम गणितानें सांगतां येईल अशीं परिमाणें बसवून दिलीं. तीं आज चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर छापलेलीं असतात. त्यांतील तीन अंक पुरेत: स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या, त्याच्या लवचीकपणाशीं तुल्य असें हवेचें आकारमान, आणि त्याचें कंपन किती लवकर शमतें तें दर्शविणारा गुणांक. उदाहरणार्थ, हे अंक अनुक्रमें ७५, ४ लिटर आणि ०.५३ आहेत असें धरूं. ५ लिटरच्या हवाबंद पेटींत तो बसविला, तर ४ ला ५ नें भागून आलेल्या ०.८ मध्यें १ मिळवावा व १.८ चें वर्गमूळ काढावें. तें सुमारें १.३४ येतें. ७५ आणि ०.५३ या दोहोंना त्यानें गुणलें, कीं पेटींतील कंपनसंख्या १०० येते आणि गुणांक ०.७१. हा गुणांक फार सोयीचा आहे: आवाज १०० पर्यंत सरळ येतो आणि तेथून खालीं, फुगवटा न धरतां, शिस्तीनें उतरतो.

अशी पेटी करणें अवघड नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत विजेच्या सुट्या भागांचीं दुकानें आहेत. तेथें चार इंची, सर्व स्वर एकटाच काढणारा स्पीकर मागावा, आणि माहितीपत्रक पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. आंतून १४ सेंटिमीटर रुंद, २४ उंच व १५ खोल अशी पेटी ५ लिटरची होते. प्लायवुड १२ मिलिमीटरचें पुरे. फळ्या सुताराकडून यंत्रावर कापून घ्याव्या, म्हणजे कडा सरळ येतात. सांधे लांकडाच्या पांढऱ्या सरसानें जोडून रात्रभर आवळून ठेवावे. जोडतांना दोन्ही कर्ण मापून पाहावे. ते सारखे भरले, तर काटकोन बरोबर आहे. पेटींत पिंजलेला कापूस किंवा लोंकर सैलसर भरावी, आणि स्पीकरच्या कडेखालीं फोमची पट्टी घालून स्क्रू आवळावे. पेटी खरोखर हवाबंद झाली कीं नाहीं, हें शंकु बोटांनीं हलकेच आंत दाबून सोडल्यास कळतें: तो सावकाश परत आला तर ठीक, चटकन् उसळला तर कोठें तरी फट आहे. दोन्ही पेट्यांच्या तारा एकाच रीतीनें जोडल्या आहेत ना, तें दीड व्होल्टच्या बॅटरीनें तपासावें. तिचें धन टोंक लाल खुंटीला क्षणभर लावतांच दोन्ही शंकु बाहेर आले पाहिजेत. एक बाहेर व एक आंत जात असेल, तर दोघे एकमेकांचा खालचा आवाज खाऊन टाकतील.

आतां जोडीदार. आठ इंची शंकु व्यासानें चार इंचीच्या दुप्पट, म्हणून क्षेत्रफळानें सुमारें चौपट असतो. तेवढीच हवा तो पाव धांवेंत हालवितो. शिवाय त्याची बांधणीही लांब धांवेसाठींच असते. आंतून प्रत्येक बाजूस २८ सेंटिमीटर अशी चौकोनी पेटी जवळजवळ २२ लिटरची होते, आणि हवाबंद पेटीसाठीं केलेल्या अनेक आठ इंची सबवूफरना ती मानवते. तरी तिचाही हिशेब वर सांगितलेल्या रीतीनेंच करावा. हिला १८ मिलिमीटरचें प्लायवुड व आंत एक आडवी फळी हवी. ध्वनिवर्धक मात्र तयारच घ्यावा. घरच्या विजेचा भाग उघडून हात घालण्याचें साहस नवशिक्यानें करूं नये.

येथवर सुतारकाम झालें. खरी परीक्षा आहे ती जोडाची. ६९ चा मूळ स्वर सबवूफरमधून येणार. त्याच तारेचा १३९ चा पहिला सहायक स्वर लहान पेट्यांतून येणार. म्हणजे तार एक आणि मुखें दोन. दोघांचा आवाज कमीजास्त झाला किंवा एकानें दम मागें घेत असतां दुसऱ्यानें पुढें टाकला, तर तार दुभंगते: खालीं एक वेगळाच घुमारा आणि वर एक उघडी पडलेली झणकार. सबवूफर घेऊन निराश झालेले अनेक जण पेटीला दोष देतात. दोष पुष्कळदां या जोडाचा असतो.

तो टाळण्याची रीत १९७६ सालीं सीगफ्रीड लिंकविट्झ यांनीं आपले सहकारी रस रायली यांच्या साह्यानें पुढें मांडली. तिचा सारांश असा: विभागणीच्या स्वरावर दोघांनींही निम्मा निम्मा ध्वनिदाब द्यावा, दोघांचा श्वास एकाच वेळीं पडावा, आणि त्यापलीकडे प्रत्येकानें सप्तकामागें २४ डेसिबल उतरावें. आपली लहान पेटी १०० च्या खालीं स्वभावतःच सप्तकामागें १२ डेसिबल उतरते. विजेच्या क्रॉसओव्हरनें त्याच जागीं योग्य उताराचे आणखी १२ घातले, कीं २४ पुरे होतात. सबवूफरला वरच्या अंगाला असाच २४ चा उतार द्यावा. यांत दुहेरी लाभ आहे: जोड सांधतो, आणि लहान शंकूवरील लांब धांवेचा भार उतरल्यानें गवयाचा गळाही स्वच्छ होतो.

यापुढें खोली आपला वांटा मागते. ६९ कंपनांच्या ध्वनीची लहर जवळजवळ ५ मीटर लांब असते. खोली नेमकी ५ मीटर लांब असली, तर ही लहर तिच्यांत अडकून उभी राहते: दोन्ही भिंतींजवळ व मध्यभागीं खर्ज फुगतो, आणि प्रत्येक भिंतीपासून सव्वा मीटरवर तो जवळजवळ नाहींसा होतो. तेथेंच आपली खुर्ची असली, तर कितीही मोठा सबवूफर आणून उपयोग नाहीं. खुर्ची दोन हात सरकविल्यानें जें साधेल, तें दुप्पट पैशानें साधणार नाहीं. जागा शोधण्याची एक जुनी युक्ति आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागीं ठेवून खर्जाचें चढउतार असलेलें संगीत लावावें, आणि आपण दोन्ही लहान पेट्यांच्या मधल्या पट्ट्यांत वांकून फिरावें. जेथें सर्व स्वर सारखे ऐकूं येतील, तेथें सबवूफर न्यावा. मग मोबाईलवरून १०० कंपनांचा सतत स्वर लावून सबवूफरवरील कलेची कळ, जिला फेज म्हणतात, दोन्ही बाजूंस फिरवून पाहावी. बसल्या जागीं जी बाजू अधिक भरदार, ती बरोबर.

शेवटीं आवाजाची पातळी. येथें यंत्रापेक्षां मनाचा निग्रह लागतो. नवा सबवूफर आला, म्हणजे तो ऐकूं यावा असें वाटतें. आणि तेथेंच गाणें बिघडतें. तानपुरा लावावा, सबवूफर अगदीं बंद करावा, आणि मग हळूहळू वाढवीत जावें. निराळी पेटी वाजते आहे असें जाणवलें, कीं थोडें मागें यावें. ती बंद करतांच खोली एकाएकीं रिकामी वाटावी, चालू असतां मात्र ती कोठें आहे तें कळूं नये, ही योग्य पातळी. इतक्या खालच्या स्वरांची दिशा कानाला नीटशी उमगत नाहीं, म्हणूनच हें शक्य होतें.

दोन पथ्यें सांगितलींच पाहिजेत. जुन्या ध्वनिमुद्रिकांना सबवूफर लावूं नये. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां गाणाराचा आवाज कर्ण्यांतून थेट सुईकडे जात असे. विद्युत्-मुद्रण १९२५ च्या सुमारास आलें. त्या कर्ण्यानें खर्ज टिपलाच नाहीं. तेथें सबवूफर फक्त तबकडीची घरघर ऐकवील. दुसरें पथ्य शेजारधर्माचें. गळ्याचा आवाज भिंत बऱ्याच अंशीं अडविते. खर्ज तिला जुमानत नाहीं. आपल्याला जो आधार वाटतो, तो पलीकडच्या खोलींत निजलेल्या मुलाला नुसता दणका वाटूं शकतो. पेटीखालीं जाड रबराचे पाय द्यावे, रात्रीं सबवूफर बंद करावा. आणि जोड नीट असला, तर दिवसाही मोठ्यानें लावण्याची गरज सहसा उरत नाहीं.

चार फळ्या, तीन स्पीकर आणि दोन सुट्यांचें काम, एवढ्यावर हें साधण्यासारखें आहे. आपण केलेल्या पेट्या प्रथम लावाल, तेव्हां ढोल किंवा गडगडाट लावून त्यांची परीक्षा घेऊं नका. नुसता तानपुरा लावा आणि चौथ्या तारेची वाट पाहा. ती पहिल्या तिघींच्याच घरची वाटली, तर काम फत्ते झालें असें समजा.