जाळ्यासकट उडालेला थवा

(आरोंदा येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

राजकीय कार्यकर्त्यांच्या बैठकीत मुलांच्या कार्टूनपटांचा विषय निघावा, हे अनेकांना विचित्र वाटेल. महागाई, बेकारी, किनाऱ्यावरील मच्छीमारांची कुचंबणा असे प्रश्न समोर असता ही करमणूक कशाला, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु मूल जाहीरनामा वाचत नाही आणि सभेलाही येत नाही. नेता म्हणजे कोण, बलवानापुढे दुबळ्याने कसे वागावे, संकटात शेजाऱ्याशी नाते काय, याविषयीच्या त्याच्या पहिल्यावहिल्या कल्पना आज मोठ्या प्रमाणावर पडद्यावरून येतात. तेरेखोल खाडीच्या या काठाला आरोंदा आणि पलीकडे गोव्याचे किरणपाणी. पण दोन्ही काठांवरील मुलांच्या हातातील मोबाइलवर चित्रे तीच असतात. ती काय शिकवतात, याची चौकशी करणे हेही कार्यकर्त्याचे काम आहे.

डिस्ने कंपनीचा ‘द लायन किंग’ हा १९९४ सालचा चित्रपट घ्या. राजपुत्र म्हणून जन्मलेला सिंहाचा छावा चुलत्याच्या कपटामुळे परागंदा होतो आणि अखेर परत येऊन बापाच्या गादीवर बसतो. जबाबदारीपासून पळू नये, हा या कथेचा बोध खोटा नव्हे. परंतु तेथे राज्य जन्माने मिळते. इतर प्राण्यांनी नवजात वारसापुढे माना लववायच्या. आणि भुकेल्या तरसांनी राज्याच्या सीमेबाहेर, हत्तींच्या हाडांत दिवस काढायचे. यालाच तेथे सृष्टीचा समतोल म्हटले आहे. तरस उपाशी का, हा प्रश्न चित्रपट गांभीर्याने विचारीत नाही.

याउलट १९९८ सालच्या ‘अ बग्ज लाइफ’मध्ये मुंग्या दरवर्षी टोळांना धान्याची खंडणी देतात. मुंग्या संख्येने कितीतरी अधिक आहेत, हे मुंग्यांना उमगलेले नसते. टोळांच्या म्होरक्याला मात्र ते पक्के ठाऊक असते. एकीने मान वर केली की साऱ्या करतील, म्हणून तो पहिल्या मुंगीलाच चिरडू पाहतो. धनिक कंपन्यांनी काढलेल्या चित्रपटातही सत्य असे कधी कधी निसटून बाहेर येते.

परंतु या विषयावरील सर्वांत मोलाचा धडा परदेशातून आलेला नाही. तो १९७४ साली तेव्हाच्या फिल्म्स डिव्हिजनने प्रसृत केलेल्या ‘एक, अनेक और एकता’ या अवघ्या काही मिनिटांच्या चित्रपटात आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि फिल्म सोसायटी चळवळीत वाढलेल्या विजया मुळे यांनी तो केला. चित्रे भीमसेन यांची, गीत विनयचंद्र मौद्गल्य यांचे, आवाज साधना सरगम यांचा. संगीत वसंत देसाई यांचे. त्यांचा जन्म १९१२ सालचा, कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला आणि दूरदर्शनने तो देशभरच्या मुलांपर्यंत पोहोचविला.

कथा जुनीच आहे. दाणे टिपणारी पाखरे पारध्याच्या जाळ्यात सापडतात. प्रत्येक जण आपल्यापुरती धडपड करतो आणि कोणीच सुटत नाही. तेव्हा एक शहाणे पाखरू धीर धरायला सांगते, सगळी एकदम जोर लावतात, जाळ्यासकट उडतात आणि मित्र असलेल्या उंदरांकडे जातात. उंदीर जाळे कुरतडतात.

या कथेतील पहिला धडा नेतृत्वाचा आहे. मूळ पंचतंत्रात कबुतरांचा राजा चित्रग्रीव आहे. चित्रपटात राजाच नाही. वाट दाखविणारे पाखरू थव्यातलेच, त्याच जाळ्यात अडकलेले. त्याचे पंख इतरांहून बळकट नाहीत. ते फक्त सर्वांचे बळ एका क्षणी एकवटते. शाळांतील हजारो मुलांकडून एका सुरात, एका तालात समूहगान गाऊन घेणाऱ्या वसंत देसाईंना या कथेचे संगीत करावयास मिळाले, हे समर्पक म्हटले पाहिजे. या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन्ही दोरांवरची माणसे मेळाने ओढतील तरच रापण किनाऱ्याला लागते, आणि मग मासळीचे वाटे होतात. राजाला वगळताना चित्रपटाने एक गोष्ट मात्र गमावली. हिरण्यक उंदीर चित्रग्रीवाचे पाश प्रथम तोडू लागतो, तेव्हा तो त्याला अडवतो आणि आधी सोबत्यांचे पाश तोडायला लावतो. पुढाऱ्याचे पाश शेवटी तुटावेत, ही कसोटी आजच्या किती पुढाऱ्यांना पेलेल?

दुसरा धडा असा की उडणे म्हणजे मुक्ती नव्हे. थवा आकाशात गेला तरी जाळे अंगावरच आहे. ते तोडायला चोच पुरत नाही, दात लागतात; आणि दात उंदरांजवळ आहेत. पाखरे आणि उंदीर यांची जात निराळी, वस्ती निराळी, एक आभाळातले तर दुसरे बिळातले. मच्छीमार, आंब्या-काजूच्या बागांतले मजूर, गिरण्यांच्या संपानंतर गावी परतलेली कुटुंबे यांची मैत्री संकट येण्याआधीच जोडलेली असावी लागते. जाळे पडल्यावर उंदीर शोधायला निघणारा थवा वाटेतच थकतो.

तिसरा धडा चित्रपटात नाही; तो सम्मोदमान जातकात आहे. तेथील लावे पक्षी असेच जाळे उचलून निसटतात. पारधी निराश होत नाही, भांडणाची वाट पाहतो. एके दिवशी एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, जाळे कोण उचलतो यावरून वाद पेटतो आणि भांडणारे पकडले जातात. १९७७ साली आणीबाणीचे जाळे घेऊन उडालेल्या जनता पक्षाच्या थव्याचे १९७९ पर्यंत काय झाले, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. त्यापूर्वी आणि त्यानंतर समाजवादी चळवळ कितीदा फुटली, याचा हिशेबही त्यांच्याजवळ आहे. वाद खरे होते, काही तत्त्वांचेही होते. परंतु पारध्याला त्यांतील तत्त्वाशी कर्तव्य नव्हते.

येथे एक सावधगिरी हवी. एकी म्हणजे आज्ञापालन नव्हे. हा चित्रपट आला त्याच्या पुढच्याच वर्षी, जून १९७५ मध्ये, ऐक्य आणि शिस्त यांच्या नावाने विरोधकांना तुरुंगात डांबले गेले आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. चित्रपटाची शिकवण मात्र निराळी आहे. तेथील फुले माळेत गुंफली तरी आपापला रंग राखतात. सर्वांनी एकाच रंगाचे व्हावे असे जो सांगतो, तो माळ गुंफीत नाही, फुले खुडतो. शिवाय चित्रपटातील मुले ताईला विचारतात की एक होऊन झाडावरचे आंबे काढता येतील का. तेव्हा ती होकार देते, पण युक्ती योजावी लागेल असेही बजावते. नुसत्या घोषणेने आंबा हाती येत नाही. ऐक्याला योजना लागते, आणि योजना ठरविताना थव्यातील प्रत्येकाला बोलू द्यावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत मुलांना हा छोटा चित्रपट दाखवावा. पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. मग भाषण करू नये. तीन प्रश्न विचारावेत: जाळे टाकले कोणी, दाणे कोणाचे होते, आणि आपल्या गावात उंदीर कोण? उत्तरे मुलांनी द्यावीत आणि मोठ्यांनी ती लक्षपूर्वक ऐकावीत.