दुर्गंधीचा हिशेब कोण ठेवणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



वरठीचे रेल्वे स्थानक 'भंडारा रोड' या नावाने ओळखले जाते. पण औद्योगिक नकाशावर गावाचे नाव आले ते सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे. कोळशावर स्पंज लोखंड बनविणारी फिरती भट्टी हा या उद्योगाचा एक आधार. विदर्भात अशा भट्ट्या इतरत्रही आहेत, आणि प्रश्न सर्वांचाच आहे.

या भट्टीत लोहखनिज व कोळसा सुमारे एक हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापविला जातो. कोळशातील सेंद्रिय द्रव्ये वायुरूपाने बाहेर पडतात. त्यांचे ज्वलन अपुरे राहिले, तर कार्बन मोनॉक्साइडबरोबर डांबरासारखा उग्र वास सुटतो. विजेवर चालणारा धूलिसंग्राहक धूळ पकडतो, वायू पकडत नाही. म्हणून धुराडे स्वच्छ दिसले की हवा शुद्ध झाली, हा समज चुकीचा आहे. खरा इलाज भट्टीनंतरच्या ज्वलनकक्षात आहे. तेथे पुरेशी हवा, तापमान आणि वेळ मिळाला की ही द्रव्ये जळून जातात. तीच उष्णता बॉयलरला दिल्यास रोज शंभर टन क्षमतेच्या भट्टीमागे साधारण दोन मेगावॅट वीज मिळते. म्हणजे दुर्गंधीचे निवारण हा निव्वळ बोजा नव्हे.

मग अडते कोठे? भट्टी पेटविताना, वीज गेल्यावर वा यंत्र बिघडल्यावर सुरक्षा झाकण उघडावे लागते आणि वायू ज्वलनाची व शुद्धीकरणाची वाट चुकवून बाहेर जातो. अपघात टाळण्यासाठी ते आवश्यकही असते; परंतु ते किती वेळा व किती काळ उघडले, हे गावाला कळले पाहिजे. खाजगी उद्योग उत्पादनखर्चाचा काही भाग समाजावर ढकलतो, हे कार्ल विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच दाखविले. ताळेबंदात नफा दिसतो. गावाचा खोकला दिसत नाही.

वायुप्रदूषणाचा कायदा १९८१ मध्ये झाला. प्रदूषणमुक्त हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटले. हा हक्क अमलात आणणारी शक्ती मात्र संघटनेतूनच उभी राहील.

'कारखाना बंद करा' ही घोषणा मजुराची चूल विझविते. 'रोजगार हवा तर वास सोसा' हे उत्तर लोकशाहीला शोभत नाही. ज्वलनकक्षाचे तापमान आणि झाकण उघडल्याच्या वेळा यांची नोंद दरमहा ग्रामसभेपुढे यावी, ती पडताळण्याचा अधिकार कामगार प्रतिनिधीला असावा, ही मागणी गाव व कामगार यांना एकत्र आणील. कारण दूषित वायू प्रथम भट्टीवरच्या मजुराच्या छातीत जातो, नंतर गावात.