आधी पोट की आधी मान? : स्वागताध्यक्षांचे भाषण



मानवी गरजा आणि कामाची प्रेरणा या विषयावरची परिषद यवतमाळात भरते आहे, याचा स्वागत समितीला मनापासून आनंद आहे. आपल्यापैकी बरेच जण धामणगावला गाडीतून उतरून एसटीने इथवर आलात. त्या प्रवासाचे कष्ट आम्ही जाणतो. या गावाला पाहुण्यांची सवय आहे. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले. त्यातल्या दुसऱ्या संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या एका भगिनीने केले, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो.

यवतमाळ म्हटले की बाहेरच्यांना कापूस आठवतो आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. त्यापलीकडचे यवतमाळ सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो. लोकनायक बापूजी अणे या जिल्ह्यातल्या वणीचे, जन्म १८८० चा. यवतमाळात त्यांनी वकिली केली आणि लोकमान्य टिळकांना अखेरपर्यंत गुरू मानले. १९१८ मध्ये त्यांनी इथून ‘लोकमत’ साप्ताहिक काढले, त्याचे नाव टिळकांनी दिलेले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४३ मध्ये गांधीजींचे उपोषण चालू असताना त्या पदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. टिळकांवरच्या त्यांच्या ‘श्रीतिलकयशोर्णव’ या संस्कृत महाकाव्याला त्यांच्या पश्चात साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाची ओळख आज विदर्भाबाहेर फारशी उरलेली नाही, याची खंत वाटते. आपल्या विषयासाठी मात्र १० जुलै १९३० ही तारीख लक्षात घ्यावी. देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला होता, पण वऱ्हाडाला समुद्र नाही. म्हणून बापूजींनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. गवत ही जनावरांची, म्हणजे शेवटी शेतकऱ्याच्या पोटाची गरज. पण ते उघडपणे, तुरुंगाची तयारी ठेवून कापणे ही मानाची गरज. विळ्याच्या एकाच घावात दोन्ही होत्या. त्यांतली पहिली कोणती आणि दुसरी कोणती, हे वेगळे काढता येत नाही.

दुसरा अभिमान आमच्या शकुंतला रेल्वेचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ही अरुंद रुळांची लाइन विसाव्या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने १९२३ पासून १९९४ पर्यंत ही गाडी ओढली, मग डिझेल इंजिन आले. दारव्हा, लाडखेड, कारंजा या वाटेवरच्या कित्येक खेड्यांना बाजार, दवाखाना आणि कॉलेज याच गाडीने जवळ आणले. आज ती बंद आहे आणि ती पुन्हा सुरू व्हावी ही मागणी लोकांनी सोडलेली नाही. उतरत्या काळात गाडीवर अवघी सात माणसे होती. तिकीट देणे, सिग्नल पाहणे, इंजिन डब्यांपासून सोडवणे, सगळे तीच हाताने करीत. इथे आपला विषय येतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये इंजिनिअर आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून मांडले की पगार आणि कामाची परिस्थिती वाईट असेल तर माणूस नाराज होतो, पण ती सुधारली म्हणून कामात जीव ओततोच असे नाही. जीव ओतायला जबाबदारी लागते, आणि केलेल्या कामाची दखल लागते. शकुंतलेच्या त्या सात जणांकडे साधने तुटपुंजी होती, जबाबदारी मात्र पूर्ण गाडीची होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांचा क्रम मांडला: आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान आणि शेवटी आत्मविकास. तो क्रम फार ताठर समजू नये, असे त्यांनी त्याच लेखात म्हटले होते. प्रसिद्ध पिरॅमिड तर नंतरच्या व्यवस्थापनवाल्यांनी काढला. तरीही व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही तो पिरॅमिडच शिकवला जातो, आणि त्यातून मजुराला पैसे हवेत, मान साहेबांना हवा, असा सोयीचा निष्कर्ष निघतो. या जिल्ह्याला तो मान्य होण्यासारखा नाही. आमच्याच गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. उपाशी माणसाला धान्य वाटून थांबता आले असते. पण मागेल त्याला काम, हा हक्क म्हणून मानला गेला, आणि खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती दयेऐवजी मजुरी आली. संशोधनही हेच सांगते. लुई टे आणि एड डीनर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये १२३ देशांतल्या माहितीवरून दाखवले की खालच्या गरजा पुरत्या भागलेल्या नसतानाही आपलेपणा, मान आणि स्वतःचा निर्णय यांनी माणसाचे आयुष्य अधिक समाधानाचे होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मानाची भाषा फार केली की मालकाला कमी मजुरी देण्याचे निमित्त मिळते. ही भीती खरी आहे. पण कापूस वेचणीचा किलोमागचा दर ठरताना वेचणाऱ्या बाईला कोणी विचारतच नाही, तेव्हा तिचे पैसेही जातात आणि मानही जातो. मजुरी हीच मानाची पहिली पावती आहे. दोन्ही एकदमच मागायला हवेत. दुसरा आक्षेप असा की सोयी दिल्या तरी लोक वापरत नाहीत. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो जण दवाखान्यात गेले. मास्क, हातमोजे का वापरले नाहीत, हा प्रश्न तेव्हा मजुरांनाच विचारला गेला. डोक्यापर्यंत वाढलेली कापसाची पऱ्हाटी, दमट उकाडा, पंपाच्या हिशेबाने ठरणारी मजुरी, आणि औषध कोणते हे ठरवण्यात मजुराचा शब्द नाही. अशा ठिकाणी सुरक्षिततेची इच्छा कमी होती असे म्हणणे अन्यायाचे आहे. इच्छा होती, अधिकार नव्हता. आत्महत्यांतही पोट आणि मान वेगळे काढता येत नाहीत. २००१ पासून जिल्ह्यात हजारो शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यामागे कर्ज आहे, नापिकी आहे, भाव आहे. पण सावकार दारात उभा राहिल्यावर गावात तोंड कसे दाखवायचे, ही अब्रूची जखमही आहे. २०१५ पासून राज्याच्या प्रेरणा प्रकल्पात आशा सेविका घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. ते काम मोलाचे आहे, मात्र भाव आणि कर्ज यांचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

व्यवस्थेतल्या उणिवांबद्दल क्षमा मागतो. वसतिगृहातल्या खोल्या लहान आहेत, काही प्रतिनिधींना गावकऱ्यांच्या घरी उतरावे लागले, सभागृहातले पंखे पुरेसे नाहीत. पाण्याची टंचाई या शहराने खूप सोसली आहे. पाणी जपून वापरण्याच्या विनंतीचा कृपया राग मानू नये. जेवणात ज्वारीची भाकरी, पातोडीची भाजी आणि गोळाभात आहे. तिखट सोसत नसेल त्यांनी वाढणाऱ्यांना आवर्जून सांगावे. जिनिंगवाले, डाळ मिलवाले, धान्य बाजारातले अडते, डॉक्टर, वकील, निवृत्त शिक्षक यांनी मागितल्यापेक्षा अधिक दिले. काही दात्यांनी नाव छापू नये अशी अटच घातली. त्यांना इथूनच नमस्कार करतो. मंडप घालणारे कामगार, पहाटेपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या बचत गटाच्या भगिनी, स्वयंसेवक विद्यार्थी, एसटीचे चालक-वाहक, सफाई कामगार आणि हमालबांधव यांच्याशिवाय ही परिषद भरली नसती. त्यांचे आभार दात्यांच्या आभारांइतकेच महत्त्वाचे आहेत.

परिषदेला स्वागत समितीची एकच विनंती आहे. वेचणी, फवारणी, कोळसा खाणी आणि कारखाने इथल्या कामगारांच्या मनाचा अभ्यास आपल्यापैकी कोणी केला, तर प्रश्नावली मराठीत करावी, गरज पडेल तिथे कोलामी आणि गोरमाटी या बोलींतही करावी, आणि निघालेले निष्कर्ष ज्यांच्याकडून घेतले त्या गावच्या ग्रामसभेत येऊन वाचून दाखवावेत. आम्ही तिथे उतरण्याची आणि जेवणाची सोय करू.