फोन काढून घेणार नाही, हे आधी सांगा



तुमच्या मंडळाच्या कार्यवाहांनी विषय कळवला, तेव्हा सोबत एक विनंतीही होती. पासवर्ड कसा ठेवावा, कुठली लिंक उघडू नये, असं आठ-दहा मुद्द्यांत सांगितलंत तर बरं होईल. ते मुद्दे बँक तुम्हाला दर आठवड्याला पाठवते आणि तुम्ही ते न वाचता पुसून टाकता. इथल्या मुलांना तर ते आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत. त्यामुळे मेलबर्नपर्यंत येऊन मी तेच सांगणार नाही. मला एकच विचारायचं आहे. फोनवर काही वाईट घडलं, तर तुमच्या घरातलं माणूस पहिल्यांदा कोणाला सांगतं? आणि सांगत नसेल, तर का?

मी वकील आहे, पण कोर्टापेक्षा माझा बराच वेळ सातारा-सांगलीकडच्या ज्युनिअर कॉलेजांत आणि बचतगटांच्या बैठकांत जातो. कॉलेजातल्या कार्यक्रमाच्या शेवटी आम्ही कागदाचे कपटे वाटतो. नाव घालायचं नाही, फक्त प्रश्न लिहायचा. मुलींच्या चिठ्ठ्या वाचत गेलं की वाटावं, पंचक्रोशीतल्या सगळ्या अडचणी मैत्रिणींनाच येतात. ‘माझ्या एका मैत्रिणीचा फोटो एका मुलाकडे आहे, तो व्हायरल करीन म्हणतो.’ ‘माझ्या मैत्रिणीच्या नावानं कोणीतरी इन्स्टावर अकाउंट काढलंय.’ आणि खाली, बहुतेक वेळा बारीक अक्षरात: ‘घरी न कळता हे बंद करता येईल का?’

पोलिसांचं नाव त्या चिठ्ठीत क्वचितच असतं. आधी घर आडवं येतं. घरी कळलं की काय होतं, ते या मुलींनी थोरल्या बहिणीच्या नाहीतर चुलत बहिणीच्या बाबतीत पाहिलेलं असतं. पहिल्यांदा फोन जातो. मग क्लास सुटतो, मग एसटीनं कॉलेजला जाणं थांबतं, आणि दिवाळीनंतर मामा स्थळं घेऊन येतो. धमकी देणाऱ्या पोराला हा क्रम तोंडपाठ असतो. ‘तुझ्या पप्पांना पाठवीन’ एवढंच तो लिहितो, आणि तेवढं पुरतं. त्याच्या धमकीला धार लावून द्यायचं काम आपल्याच घरात होतं, असं मी पालकसभेत म्हटलं की मागच्या रांगेतले चार-दोन बाबालोक उठून जातात. तुम्ही बसून आहात, बरं वाटतं.

कायद्याचं एक कलम मी जाईन तिथे सांगते, तेव्हा इथेही सांगते. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४ सी हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ७७ व्या क्रमांकावर आहे. त्याच्या स्पष्टीकरणात सरळ म्हटलंय की खासगी क्षणाचा फोटो काढायला बाईची संमती असली, पण तो दुसऱ्या कोणाला दाखवायला नसली, तर तो पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ ई आणि ६७ ए ही कलमं सोबत लागू शकतात. मुलगी अठराच्या आतली असेल, तर ६७ बी आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही. ‘पण काढू का दिलास?’ हा प्रश्न घरात विचारतात, कॉलेजात विचारतात, कधीकधी पोलीस ठाण्यातही विचारतात. कायद्यानं तो केव्हाच निकालात काढलाय. आपण मात्र अजून तिथेच अडकलोय.

‘न कळता बंद करता येईल का’ याचं उत्तर बऱ्याच अंशी ‘हो’ असं आहे, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ब्रिटनमधल्या एका मदतवाहिनीनं डिसेंबर २०२१ मध्ये ‘स्टॉप-एनसीआयआय’ नावाची सोय सुरू केली. तिथे फोटो पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडेबंद ठसा तयार होतो, अंगठ्याच्या ठशासारखा. ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशातून माणूस उभा करता येत नाही, तसंच हे. तेवढा ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम अशा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो कोणी चढवायला गेलं तर अडवला जातो. अठरा वर्षांखालच्यांसाठी अमेरिकेतल्या एका संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही अशीच सोय २०२३ पासून आहे. मर्यादाही सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर एकानं दुसऱ्याला पाठवलेल्या फोटोपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. पण फोटो अजून पसरलेला नाही, नुसती धमकी आलीय, अशा वेळी ही सोय सोन्यासारखी आहे.

भारतात सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न सांगता करता येते. तुमच्याकडे तर ई-सेफ्टी आयुक्तांचं अख्खं कार्यालयच आहे. २०१५ साली ते मुलांसाठी सुरू झालं, २०२१ च्या कायद्यानं त्याचे अधिकार वाढले, आणि संमतीविना टाकलेला खासगी फोटो चोवीस तासांत उतरवा, अशी नोटीस ते कंपन्यांना काढू शकतं. मघाशी चहाच्या वेळी मी तीन-चार जणींना विचारलं. नाव ऐकलं होतं, तिथे तक्रार करता येते हे माहीत नव्हतं.

इथे ‘मुली आणि महिला’ म्हणता म्हणता मुलगे निसटतात. मुलगी असल्याचं भासवून ओळख काढायची, व्हिडिओ कॉलवर यायला लावायचं, रेकॉर्डिंग करायचं आणि लगेच पैसे मागायचे, या प्रकारात जगभर सर्वांत जास्त अडकतात ते कोवळे मुलगे. हे काम करणाऱ्याला बदनामीत रस नसतो, त्याचा तो धंदा आहे. एकाच वेळी शंभरजणांना तो गळ टाकून बसलेला असतो. मुलीला निदान कोणीतरी कधीतरी ‘जपून राहा’ म्हटलेलं असतं. ‘मुलगाच आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणून मुलाशी आपण या विषयावर चकार शब्द काढत नाही. मग रात्री एक वाजता तो आपल्या खोलीत एकटा असतो, समोर पैशांचा आकडा आणि त्याच्या सगळ्या मित्रांची यादी असते. पैसे देऊ नकोस, बोलणं तोड, पण चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव आणि आम्हाला उठव. एवढं त्याला आज रात्री जेवताना सांगा. ‘आम्हाला उठव’ हे मुद्दाम म्हणा.

आता दुसरी बाजू. सुरक्षिततेचे सगळे सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात, की फोन तुमचा आहे आणि नंबरही तुमचाच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, आणि पुरुषांपैकी साडेएकसष्ट टक्क्यांनी. त्यानंतर फोन वाढले, पण ते कोणाच्या खिशात आहेत हे पाहावं लागतं.

२०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आली. महिन्याला पंधराशे रुपये, थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. राजकारण बाजूला ठेवू. माण तालुक्यातल्या ज्या बायकांनी कधी बँकेचा मेसेज वाचला नव्हता, त्या मेसेजची वाट पाहू लागल्या, हे मी स्वतः पाहिलंय. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं. बाईचं आधार आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार, दोन्हीकडे ओटीपी. एका बचतगटाच्या बैठकीत एक बाई वहीचं पान दाखवत होत्या. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या खिशात, नवरा मालट्रक घेऊन गुजरातेत. सेवा केंद्रातल्या पोरानं बटण दाबायचं, यांनी शेजारणीच्या फोनवरून नवऱ्याला लावायचं, त्यानं गाडी बाजूला घेऊन सहा आकडे वाचायचे, यांनी ते वहीत उतरवून पोराला सांगायचे. तोवर वेळ संपायची. वहीत एकाखाली एक खोडलेले ओटीपी होते. मागच्या भिंतीवर पोस्टर: ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ त्या बाईंचा सगळा डिजिटल व्यवहारच ओटीपी दुसऱ्याला सांगून चालतो. त्यांनी ते पोस्टर पाळायचं ठरवलं, तर पंधराशे रुपये बंद.

आणि जिचा नवरा वारलाय, वडीलही नाहीत, तिनं काय करायचं? सरकारनं त्यासाठी पुढे वेगळी सोय केली, पण नंतर. दरम्यान योजनेच्या नावानं बनावट वेबसाइटही निघाल्या. स्वतःचा फोन नसलेल्या, त्यामुळे दुसऱ्याच्या बोटावर अवलंबून असलेल्या बाईला खरी कुठली, खोटी कुठली, हे कळणार कसं? म्हणून ‘आधी सुरक्षितता शिकवू, मग फोन देऊ’ हे मला अजिबात पटत नाही. आमच्या बैठकांत आम्ही पहिलं काम करतो ते बाईच्या नावावर सिमकार्ड घेण्याचं, आणि तो नंबर आधारला जोडण्याचं. लॉक कसं लावायचं, हे त्याच्यानंतर.

बंदीबद्दल तुम्ही विचारणारच, कारण तुमच्याकडे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची सोशल मीडियावरची खाती बंद झाली आहेत. त्या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे दंड कंपनीला आहे, जवळजवळ पाच कोटी डॉलरपर्यंत. मुलाला नाही आणि पालकांनाही नाही. पण हे मुलांना कोणी सांगितलंय का? चौदा वर्षांच्या पोरानं थोरल्या भावाचा चेहरा दाखवून खातं उघडलं आणि तिथे कोणी त्याला छळायला लागलं, तर आधीच्या भीतीत आता ‘मी कायदा मोडलाय’ याचीही भर पडणार. ते त्याच्या मनातून तुम्हालाच काढावं लागेल.

आमच्याकडे सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात. मला त्यातलं भावतं ते हे, की आईची मालिकाही बंद आणि बाबांचं व्हॉट्सअ‍ॅपही. फक्त मुलींच्या हातून फोन काढणाऱ्या गावकीच्या ठरावांशी याची गल्लत करू नका.

आता तुमच्या आई-बाबांकडे येते, पुण्यातल्या, ठाण्यातल्या, नाशिकच्या. ‘डिजिटल अरेस्ट’ तुम्ही ऐकलंच असेल. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये त्यावर सांगितलं होतं. फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, मी सीबीआयमधून बोलतोय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. भारताच्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. पण त्या फोनवरचं एक वाक्य ऐका: ‘मुलाला सांगाल तर त्यालाही गोवू.’ कॉलेजातल्या मुलीला ‘पप्पांना सांगीन’ म्हणतात, आजोबांना ‘मुलाला सांगू नका’ म्हणतात. दोघांनाही घरापासून तोडायचं असतं. आणि आजोबा खरोखरच सांगत नाहीत, कारण मागच्या वेळी चुकून पाच हजार गेले, तेव्हा मेलबर्नहून मुलानं तासभर झाडलं होतं आणि यूपीआय बंद करायला लावलं होतं. पैसे गेले की लगेच, तासाभराच्या आत, त्यांनी तिथूनच १९३० हा नंबर फिरवायचा असतो. पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची आशा तेवढ्याच वेळात असते. तो तास तुमचा ओरडा कसा चुकवावा, या विचारात जाऊ देऊ नका.

शेवटी मंडळाबद्दल. पाहुणीनं असं बोलू नये, पण कार्यवाहांनी मोकळेपणानं बोला म्हटलंय. तुमच्या सार्वजनिक पानावर मी गणेशोत्सवाचे फोटो पाहिले. सुंदर आहेत. बालनाट्यातल्या प्रत्येक मुलाखाली त्याचं पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळा लिहिलीय. कौतुकानंच लिहिलंय, पण अनोळखी माणसाला एखाद्या दहा वर्षांच्या मुलीशी ओळख काढायला याहून जास्त काही लागत नाही. नुसतं पहिलं नाव पुरे. आणि बारा-तेराच्या पुढच्या मुलांना फोटो टाकण्याआधी विचारा, त्यांच्या आईला नव्हे, त्यांना. काहीजण नको म्हणतील, तर नको.

दुसरं, सभासदांची यादी. घरचा पत्ता, फोन, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, मुलांची नावं, सगळं एका पीडीएफमध्ये, आणि ती फाइल साडेचारशे माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मला परवा कोणीतरी पत्त्यासाठी ती सहज पाठवली. मी तर मंडळाची सभासदही नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांना तारीख आणि महिना पुरतो, वर्ष लागत नाही. नवीन यादी कशी करायची ते कार्यकारिणी ठरवेल. जुनी आज संध्याकाळीच ग्रुपवरून काढा. ग्रुपच्या अ‍ॅडमिन ताई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.