परक्या गांवच्या परिचारिका
(सुवर्णमहोत्सवी सभेंतील भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशीं एका ऋणाचें स्मरण करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मार्च 2020 मध्यें नागपुरांत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. पाठोपाठ टाळेबंदी झाली आणि आपल्या मंदिराचीं दारेंहि बंद झालीं. रुग्णालयांचीं दारें मात्र उघडीं होतीं. तेथें राबणाऱ्या परिचारिकांत केरळच्या पुष्कळ मुली होत्या. नागपूरचा तो उन्हाळा. अंगावर नखशिखांत आच्छादणारा पोशाख, आणि तासन्‌तास पाण्याचा घोट नाहीं! मरणोन्मुख रुग्णाजवळ नातलगांस मज्जाव होता. त्याचा हात हातांत घेण्याचें काम त्यांनींच केलें.

22 मार्च रोजीं आपण त्यांच्यासाठीं थाळ्या वाजविल्या, आणि पुढें त्यांच्याच सावलीस भ्यालों. वैद्यकीय सेवकांचा छळ देशांत इतका वाढला कीं, 1897 च्या साथरोग कायद्यांत 22 एप्रिल रोजीं वटहुकुमानें दुरुस्ती करावी लागली. तरीहि मे महिन्यांत मणिपूरच्या सुमारें 185 परिचारिका कलकत्ता सोडून घरीं परतल्या. चेहरेपट्टीवरून लोक हिणवितात, अशी त्यांतील कित्येकींची तक्रार होती.

परंतु दुसऱ्याकडे बोट कशास दाखवावें? त्याच उन्हाळ्यांत आपल्याच धर्मग्रामांतील एका घरांतून दोन मलयाळी परिचारिकांस खोली सोडण्यास सांगण्यांत आलें. त्या आमच्याकडे आल्या. आम्हीं दारांतूनच त्यांचें ऐकलें, प्रार्थना करूं म्हणालों, आणि रिकाम्या खोल्यांविषयीं भीतीपोटीं मौन धरलें. शेवटीं एका हिंदु शेजारणीनें त्यांस थारा दिला. जखमी वाटसरूपाशीं थांबला तो परका शोमरोनी. पुढें निघून गेला तो याजक. त्या दाखल्यांतील याजक कोण, हें आम्हांस त्या रात्रीं कळलें.

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देणगीदारांचीं नांवें येतील. तें योग्यच आहे. परंतु रात्रपाळी आटोपून मिस्सेस येणाऱ्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या या मुलींचीं नांवें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहेत? आमची विनंती एवढीच कीं, येत्या रविवारीं त्यांच्यापाशीं जाऊन नांव विचारावें. आणि ज्यांच्या घरीं भाड्याची खोली असेल, त्यांनीं ती त्यांस नाकारूं नये. धर्मगुरूंच्या निवासाचें दार यापुढें अशा प्रसंगीं बंद राहणार नाहीं, हें वचन आम्ही आज आपणां सर्वांसमक्ष देतों.

प्रभु आपणांस आशीर्वाद देवो.