आधी मायनस

वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि छत्रपती संभाजीनगरातील अनेक घरांत पाना चालवणारे हात तयार झाले. अशा शहरात मोटारीची बॅटरी घरच्या घरी उतरवली जाते यात नवल नाही. परंतु पहिला पाना कोणत्या टर्मिनलला लावायचा, याविषयी जी बेफिकिरी दिसते ती या शहराला शोभत नाही. प्रस्तुत भाषणाचा भर एवढ्याच गोष्टीवर आहे: सोडताना मायनस आधी आणि जोडताना मायनस शेवटी.

प्रथम ओळख. बॅटरीच्या दोन अग्रांपैकी धन अग्राला गॅरेजमध्ये प्लस म्हणतात आणि ऋण अग्राला मायनस किंवा अर्थ, कारण ते जाड तारेने गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनाला जोडलेले असते. लाल टोपण प्लसचे आणि काळी वायर मायनसची हा संकेत सर्वांना ठाऊक आहे, तथापि जुन्या गाडीत वायर बदलताना हाती येईल त्या रंगाची लावली गेलेली असू शकते. म्हणून रंगावर न विसंबता बॅटरीच्या अंगावर कोरलेली खूण कोरड्या फडक्याने पुसून वाचावी. टर्मिनलची जाडीही साक्ष देते: गोल खुंटांच्या बॅटरीत धन टर्मिनल अधिक जाड असते, मोठ्या खुंटांच्या प्रकारात धनाचा व्यास सुमारे साडेसतरा मिलिमीटर, तर ऋणाचा सुमारे सोळा. हा फरक उलटी जोडणी टाळण्यासाठी मुद्दाम ठेवलेला आहे, आणि तरीही क्लॅम्प बसत नाही म्हणून तो स्क्रूड्रायव्हरने फाकवणारे किंवा आत पत्र्याची पट्टी कोंबणारे लोक आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते. उलट्या जोडणीत अल्टरनेटरमधील, म्हणजे गाडी चालू असताना वीज निर्माण करणाऱ्या यंत्रातील, डायोड क्षणात जळू शकतात. तरीही शंका उरली तर मल्टीमीटर वीस व्होल्टच्या डीसी पट्टीवर ठेवावा. आकड्याआधी वजा चिन्ह आले, तर लाल काडी मायनसवर टेकली आहे असे समजावे.

आता क्रमाकडे. स्वयंपाकघराचा सगळा ओटा पाण्याने ओला आहे आणि मधोमध तापल्या तेलाची कढई आहे, अशी कल्पना करावी. मायनस हे त्या पाण्यासारखे असते, ते बॉनेटखालच्या प्रत्येक उघड्या पत्र्यावर पसरलेले असते. प्लस मात्र कढईतील तेलाप्रमाणे एकाच जागी, टोपणाखाली असते. ओल्या ओट्यावर कढई हलवण्याचे धाडस कोणतीही जाणती गृहिणी करत नाही, ती आधी ओटा कोरडा करते. मायनसचा क्लॅम्प आधी सोडणे म्हणजे ओटा कोरडा करणे होय. मग प्लसवर फिरणारा दहा नंबरचा पाना पत्र्याला टेकला तरी विजेला परतीची वाट उरत नाही. मायनस जोडलेले असताना हाच पाना टेकला, तर त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह धावतो, पाना लालबुंद होऊन चिकटतो, आणि मनगटात धातूचे कडे असेल तर ते मांस भाजते. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरे. भाजण्यासाठी मात्र शॉकची गरज नसते. जोडताना याच कारणाने आधी कढई जागी ठेवून झाकावी, म्हणजे प्लस घट्ट करून टोपण लावावे, आणि मायनस सर्वांत शेवटी जोडावे. (पूर्वीच्या काही ब्रिटिश गाड्यांत पत्र्याला प्लस जोडलेले असे; तेथे हा नियम उलटा होतो.)

ठिणगीचा दुसरा धोका वायूचा. चार्जिंग होताना आम्लमिश्रित पाण्यातून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणूनच दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून बंद गाडी सुरू करताना काळ्या वायरचे शेवटचे टोक बंद गाडीच्या मायनसवर न लावता बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूवर लावतात. येथेही मायनस शेवटी, हे श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच. त्या जोडणीचे बाकीचे टप्पे उरलेल्या वेळेत सांगता येण्याजोगे नाहीत.

टर्मिनलवर साचणारी पांढरी-हिरवी पूड बोटाने खरवडू नये, तिच्यात आम्लाचा अंश असतो; हातमोजे व चष्मा घालून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व ब्रशाने धुवावी, मात्र ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नये, आणि टर्मिनल कोरडे करून क्लॅम्प बसवल्यावर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीतील पाणी लवकर आटते, आणि तेव्हा बोअरचे पाणी ओतण्याचा मोह होतो. त्यातील क्षार प्लेटांचे आयुष्य कमी करतात, यासाठी डिस्टिल्ड वॉटरच घालावे, तेही प्लेटा बुडतील इतके आणि खुणेच्या वर न जाईल असे.