खळ्यावरची रास आणि वाटेकरी



अर्धेलीने कसलेल्या शेताचं खळं डोळ्यांपुढे आणा. रास सगळी एकाच खळ्यावर पडते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, केवढं पिकवलं याने! मापं टाकली की निम्मी पोती दुसऱ्याच्या गाडीत चढतात. कंपनीसमूहाचा एकत्रित ताळेबंद हे असंच खळं. वाटेकऱ्याच्या पोत्यांना तिथे मायनॉरिटी इंटरेस्ट म्हणतात; आता नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट.

जर्मनीची पर्यटन कंपनी टुई घ्या. मायोर्का बेटावर 1953 साली एका हॉटेलापासून सुरुवात केलेलं रिऊ कुटुंब तिचं जुनं भागीदार. हॉटेलं चालवणाऱ्या रिउसा टू कंपनीत निम्मा वाटा टुईचा, निम्मा कुटुंबाचा. टुई क्रूझेस या जहाजांच्या कंपनीतही टुई निम्मी. उरलेली निम्मी रॉयल कॅरिबियन. वाटा सारखा, हिशेब मात्र वेगळा. रिउसाची सगळी उलाढाल आणि मालमत्ता टुईच्या खळ्यावर येते, कुटुंबाचा अर्धा वाटा भागभांडवलात वेगळ्या ओळीत दिसतो. जहाजांचा फक्त टुईचा वाटा, तोही गुंतवणूक म्हणून एका ओळीत. कारण लेखापाल नुसते टक्के मोजत नाही. कासरा कोणाच्या हाती, हेही बघतो. टुईच्या सहलींवर या हॉटेलांचा धंदा इतका अवलंबून, की नियंत्रण आपलंच, अशी टुईची भूमिका. जहाजांचा कासरा दोघांच्या हाती.

2021 साली टुईने रिऊ हॉटेल्स एस. ए. या दुसऱ्याच कंपनीतला आपला 49 टक्के वाटा कुटुंबाला विकला. मग मायनॉरिटी इंटरेस्ट घटला असेल? नाही. ती कंपनी खळ्यावर आलेलीच नव्हती. कमी झाली ती गुंतवणुकीची ओळ. रिउसातली निम्मी भागीदारी तशीच राहिली.

मायनॉरिटी इंटरेस्टची ओळ तपासायची कशी? एक काल्पनिक हिशेब मांडू. वर्षारंभी वाटेकऱ्याचे 200 कोटी. उपकंपनीला नफा 60 कोटी, त्यातले त्याचे 30. लाभांश 40 कोटी वाटला, त्याने 20 नेले. वर्षअखेर 210. ताळेबंदात याहून वेगळा आकडा दिसला, तर वाट्याची खरेदी-विक्री झाली की चलनाचा दर हलला, ते टिपांत शोधा. टुईचं वर्ष 30 सप्टेंबरला, उन्हाळी हंगाम सरता सरता संपतं. म्हणून तुलना सप्टेंबरची सप्टेंबरशीच करा.

शेअरचा भाव नफ्याशी ताडताना पुष्कळजण एकूण नफा धरतात आणि शेअर स्वस्त समजतात. भाव मूळ कंपनीच्या भागधारकांच्या वाट्याचा असतो, तेव्हा नफाही त्यांच्याच वाट्याचा धरायला हवा. नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी ही वाटणी दोन ओळींत छापलेली असते.

श्रोतेहो, रास बघून पिकाचं कौतुक जरूर करा. शेअर घ्यायच्या आधी मात्र त्या शेवटच्या दोन ओळी वाचा.